बाळाचे वजन सावकाश वाढते आहे असे वाटल्यास काय करावे

गेल्या डिसेंबरात वाकडहून भाचीचा फोन आला तेव्हा तिची मुलगी सहा आठवड्यांची होती. दीड महिन्याच्या लसीसाठी गेले असता पंधरवड्यात बाळाचे वजन अवघे १०० ग्रॅम वाढल्याचे तिला सांगण्यात आले होते. "मावशी, माझं दूधच पुरत नाहीये गं तिला," एवढे म्हणून ती रडू लागली. घरी येतानाच पावडरचा डबा विकत घेतला होता आणि तो ओट्यावर बंद ठेवलेला होता. मी दुसऱ्या दिवशी गेले आणि आधी फाइल मागितली. चौथ्या आठवड्यातील नोंद ३ किलो २५० ग्रॅमची होती आणि ती एका दवाखान्यात स्वेटर, कानटोपी, मोजे व डायपरसकट घेतलेली होती. सहाव्या आठवड्यातील ३ किलो ३५० ग्रॅमची नोंद मात्र दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या काट्यावर, उघड्या अंगाने घेतलेली होती. आम्ही तोच स्वेटर, टोपी, मोजे आणि एक ओला डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिले, तर सगळे मिळून २५० ग्रॅम भरले. म्हणजे चौथ्या आठवड्यात बाळ प्रत्यक्षात ३ किलोच्या आसपास होते आणि चौदा दिवसांत ते सुमारे ३५० ग्रॅमने, अर्थात दिवसाला २५ ग्रॅमने वाढले होते. या वयाला ही वाढ चांगली आहे.

प्रत्येक घरातील काळजी अशी काट्यावर मिटत नाही. काही बाळांच्या पोटात खरोखरच दूध कमी जात असते आणि थोड्या बाळांना एखादा आजार असतो, जो वेळेवर ओळखला गेला पाहिजे. मी डॉक्टर नाही. ओळखीतल्या नव्या आयांना पाजण्यात मदत करत आले आहे, आणि त्यांच्याबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे बसून जे ऐकले व शिकले तेच येथे मांडत आहे. आधी वजन नीट घ्यावे, मग दूध पोटात जाते आहे का ते पाहावे, आणि त्या नोंदी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे, असा माझा आग्रह आहे.

हा क्रम मोडून तत्काळ रुग्णालय गाठावे अशी काही लक्षणे आहेत आणि ती घरातील प्रत्येकाला माहीत असायला हवीत. बाळ दूध ओढतच नाही, एरवीपेक्षा मलूल पडले आहे किंवा पाजण्यासाठी उठवूनही उठत नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आहे, अथवा उलट अंग गार पडले आहे. शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा चालतो आहे किंवा श्वासाबरोबर छाती आत ओढली जाते आहे. झटके आले, उलटी हिरवी झाली, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली, टाळू खोल गेली किंवा सहा ते आठ तासांत लघवीच झाली नाही, तर वजन करत बसू नये. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

वजन कसे घ्यावे आणि आकडा कसा वाचावा

बाळाचे वजन नेहमी एकाच काट्यावर, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी आणि पूर्ण उघड्या अंगाने घ्यावे. थंडी असेल तर खोली आधी उबदार करावी, काट्यावर पातळ दुपटे अंथरून काटा शून्यावर आणावा, आणि मगच बाळाला ठेवावे. आईने बाळाला कडेवर घेऊन मोठ्या माणसांच्या काट्यावर उभे राहायचे आणि नंतर आपले वजन वजा करायचे, ही पद्धत लहान बाळासाठी निरुपयोगी आहे, कारण तो काटा १०० ग्रॅमची चूक सहज करतो आणि आपण शोधत असतो आठवड्याचे दीडशे-दोनशे ग्रॅम. त्याच कारणाने रोज वजन करू नये. बाळाने नुकतेच दूध प्यायले आहे की नुकतीच शी केली आहे एवढ्यानेही आकडा पुढेमागे होतो आणि आईचा जीव उगाच टांगणीला लागतो. काळजीचे कारण असेल तर आठवड्यातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, एवढे पुरते.

आकडा वाचताना जन्माच्या वजनापासून सुरुवात करावी. पूर्ण दिवसांचे बाळ पहिल्या तीन-चार दिवसांत जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत, कधी दहा टक्क्यांपर्यंतही उतरते. २ किलो ६०० ग्रॅमचे बाळ तिसऱ्या दिवशी घरी जाताना २ किलो ४२० ग्रॅम भरले तर त्यात बिघडलेले काही नाही. उतरलेले वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यावे. घट दहा टक्क्यांच्या पुढे गेली किंवा दोन आठवड्यांनंतरही बाळ जन्मवजनाला पोहोचले नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २० ग्रॅम आणि पुढे वर्षापर्यंत त्याहूनही कमी, असा वाढीचा वेग असतो. चौथ्या महिन्यात वेग मंदावलेला पाहून पुष्कळ घरांत घबराट होते, परंतु ती मंदी वयाची असते. जन्माचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हावे, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे गणित वेगळे असते; त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून मगच तक्त्यावर पाहतात.

हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. सहा देशांतील बाळांची मोजमापे त्यासाठी घेतली होती आणि त्यांत दिल्लीतील बाळेही होती, म्हणून "हे परदेशी तक्ते आपल्या मुलांना लागू नाहीत" असे म्हणता येत नाही. तीन महिन्यांच्या मुलीचे मधले वजन या तक्त्यात ५ किलो ८०० ग्रॅम आणि मुलाचे ६ किलो ४०० ग्रॅम आहे, पण मधले म्हणजे आवश्यक नव्हे. निम्मी निरोगी बाळे या रेषेच्या खाली असतात आणि साडेचार किलोची तीन महिन्यांची मुलगीही, तिची रेषा जन्मापासून तशीच चालत आली असेल तर, आपल्या परीने वाढत असते. माता व बाल संरक्षण कार्डावर हा तक्ता छापलेला असतो. त्यावर प्रत्येक वजनाचा ठिपका मांडून ते जोडावेत आणि रेषा कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. रेषा आडवी झाली, खाली वळली, किंवा हिरव्या पट्ट्यातून पिवळ्याकडे निघाली, तर तो इशारा आहे. एकच ठिपका कितीही खाली असला तरी त्यावरून बाळ वाढते आहे की नाही हे कळत नाही. कार्ड घरी पडून असेल तर जवळच्या अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात वजन करून ते भरून घेता येते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींची वेळ ही वजनासाठीही सोयीची असते.

याबाबतीत पुण्याने जगाला शिकवलेली एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २ किलो ७०० ग्रॅम होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे वजनाने कमी होती, स्नायूंनी कमी होती, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने राखलेली होती. बाळ गुटगुटीत दिसले पाहिजे या हट्टापायी भरवणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते. लहान चणीचे जन्मलेले बाळ आणि वाढ खुंटलेले बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाळसे हे काही वाढीचे एकमेव माप नाही.

दूध पोटात जाते आहे का

वजन खरोखरच कमी वाढत असेल तर सर्वाधिक वेळा कारण पाजण्यातच सापडते, म्हणून या भागावर वेळ घालवावा. आधी लघवी मोजावी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल तर पोटात दूध जाते आहे. डायपरमुळे हे मोजणे अवघड होते, म्हणून एक दिवस साधे लंगोट बांधावेत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघोट्या माराव्यात. शीचा अंदाज महिनाभरानंतर फारसा उपयोगी नाही, कारण फक्त अंगावर पिणारे बाळ कधी दिवसातून आठ वेळा शी करते तर कधी चार-पाच दिवस करत नाही, आणि दोन्ही सामान्य असू शकते.

मग पाजण्याच्या वेळा लिहाव्यात. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हायला हवे आणि त्यात रात्रही आली, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. "बाळ फार गुणी आहे, रात्रभर झोपते" असे कौतुकाने सांगितले जाणारे तीन आठवड्यांचे बाळ पुष्कळदा वजनात मागे पडलेले असते. अशा बाळाला तीन तासांच्या पुढे झोपू न देता उठवावे: दुपट्यातून मोकळे करावे, तळपाय चोळावेत, लंगोट बदलावा आणि छातीशी घ्यावे.

यानंतर एक संपूर्ण पाजणे, घड्याळ बाजूला ठेवून, नीट पाहावे. आईची पाठ टेकलेली असावी. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे, मान वळलेली नसावी, आणि बाळ छातीकडे यावे, आईने बाळावर वाकू नये. तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त व खाली कमी दिसणारा, अशी पकड योग्य असते. सुरुवातीला बाळ भराभर चोखते आणि पान्हा फुटला की लय बदलते: हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते आणि वर येते. तो थांबा म्हणजे दुधाचा घोट. शांत खोलीत त्याचा हलका आवाजही ऐकू येतो. नुसती गालांना खळी पडणारी फडफड चालू असेल आणि थांबा दिसत नसेल, तर बाळ अर्धा तास छातीला असले तरी पीत नाही.

भाचीच्याच सोसायटीतील एका मुलीकडे मी हे प्रत्यक्ष पाहिले. तिचे बाळ तासन्‌तास छातीशी असे, पाच मिनिटांत डोळे मिटून घेई आणि खाली ठेवताच रडे. पाजून झाल्यावर तिचे स्तनाग्र बोरूच्या टोकासारखे तिरके चपटलेले होते आणि त्यावर पांढरी रेघ उमटली होती. एवढे पाहिल्यावर बाळ फक्त टोकच तोंडात घेत आहे हे स्पष्ट झाले. पकड सुधारण्यास तीन दिवस लागले. बाळ पेंगले की स्तन हलकेच दाबून दूध तोंडात सोडायचे, एक बाजू पूर्ण रिकामी झाल्यावरच दुसरी द्यायची, आणि पाजणे झाल्यावर दिवसातून चार-पाच वेळा हाताने दूध काढून ते वाटी-चमच्याने पाजायचे, एवढेच तिने केले. जेवढे दूध निघते तेवढेच पुन्हा तयार होते, हा अंगावरच्या दुधाचा साधा हिशेब आहे. म्हणूनच भीतीपोटी दिलेली प्रत्येक बाटली पुढच्या वेळेचे अंगावरचे दूध थोडे कमी करते. पाजताना दुखणे "पहिल्यांदा असे होतेच" म्हणून सोसू नये. दुखत असेल तर पकड चुकली आहे असे समजून स्तनपान सल्लागाराला किंवा डॉक्टरांना दाखवावे.

आईच्या खाण्याबद्दल मला थोडेच सांगायचे आहे. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे सगळे आनंदाने द्यावे, कारण बाळंतिणीला चांगले अन्न हवेच असते, पण बाळ नीट ओढत नसेल तर लाडवांनी दूध वाढत नाही. तिला अधिक गरज असते ती झोपेची, आणि धुणी-भांडी, पाहुणे व फोन दुसऱ्या कोणीतरी सांभाळण्याची.

घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना

आपल्याकडे बाळ अंग धरत नाही म्हटले की दृष्ट काढली जाते, गुटी उगाळली जाते, मधाचे बोट चाटवले जाते आणि उन्हाळा असेल तर चमचाभर पाणी पाजले जाते. यांतील दृष्ट काढल्याने कोणाचे नुकसान नाही आणि हलक्या हाताचे मालिशही चालते. परंतु सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी, ग्राइप वॉटर यांपैकी काहीही देऊ नये, कारण इवल्याशा पोटातील दुधाची जागा ते घेतात आणि सहाण, चमचा, हात यांवाटे जंतुसंसर्गही होतो. जुलाब झाले की मिळवलेले वजन दोन दिवसांत जाते. मध तर वर्षापर्यंत नकोच, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गाईचे किंवा म्हशीचे दूध, पातळ केलेले असो वा नसो, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये. हे आजीला सुनेने ऐकवण्यापेक्षा डॉक्टरांनी समजावलेले बरे असते, म्हणून मी नेहमी सांगते की पुढच्या वेळी आजींना बरोबर न्यावे. माझ्या बहिणीने डॉक्टरांकडून ऐकल्यावर त्याच दिवशी सहाण उचलून ठेवली आणि रात्री बाळाला उठवून आईजवळ आणून द्यायचे काम स्वतःकडे घेतले.

डॉक्टरांकडे जाताना

एका वहीत जन्माचे वजन, घरी सोडतानाचे वजन, त्यानंतरची प्रत्येक नोंद तारखेसह, आणि मागील दोन दिवसांतील पाजण्याच्या व लघवीच्या वेळा लिहून न्याव्यात. प्रसूतीची फाइल, लसीचे कार्ड आणि चालू असलेली औषधे बरोबर असावीत. शक्य असेल तर बाळ भुकेचे असताना जावे, म्हणजे डॉक्टरांना पाजणे पाहता येते. पाजताना बाळाला कपाळावर घाम येतो का, ते धापा टाकत मध्येच सोडून देते का, दूध नाकातून येते का, प्रत्येक वेळी मोठी उलटी होते का, शीमध्ये रक्त किंवा चिकट आव दिसते का, ही निरीक्षणे आवर्जून सांगावीत. कपाळावरचा घाम आणि दमणे हृदयविकाराकडे बोट दाखवू शकते, म्हणून ते उकाड्यावर ढकलू नये.

डॉक्टर वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही मोजतात. मोजत नसतील तर नम्रपणे विचारावे. उष्मांक कमी पडत असतील तर आधी वजन मागे पडते, नंतर लांबी आणि सर्वांत शेवटी डोके. तिन्ही सुरुवातीपासून सारखीच लहान असतील तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. टाळा आणि जिभेखालचा पडदा पाहणे, हृदयाचे ठोके ऐकणे, पोट तपासणे हे झाल्यावर गरज वाटली तर लघवीची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड यांसारख्या चाचण्या सांगितल्या जातात. मूत्रमार्गाचा संसर्ग तापाशिवायही असू शकतो आणि त्याची पहिली खूण कधी कधी न वाढणारे वजन हीच असते, हे कळल्यापासून मी त्या तपासणीला कोणाला टाळाटाळ करू देत नाही. ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब डॉक्टर लिहून देतात ते हाडांसाठी. वजन वाढवणारे टॉनिक म्हणून बाळाला काहीही देऊ नये.

कधी कधी डॉक्टर वरचे दूध द्यायला सांगतात आणि ते योग्यही असते. बाळाचे वजन घसरत असेल तर तत्त्वासाठी त्याला उपाशी ठेवणे चूक आहे, आणि त्या आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पहिली पसंती स्वतःच्या काढलेल्या दुधाला द्यावी. ससून रुग्णालयात मातृदुग्धपेढी आहे, परंतु अशा पेढ्यांतील दूध प्रामुख्याने दाखल असलेल्या अशक्त बाळांसाठी असते. पावडर द्यायची झाल्यास किती, किती वेळा आणि किती दिवस, हे लिहून घ्यावे. उकळलेल्या पाण्यात डब्यावर दिलेल्या प्रमाणातच ती मिसळावी. डबा पुरवण्यासाठी पातळ केलेले दूध बाळाचे पोट भरते आणि वजन मात्र वाढू देत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे आणि ते उकळून घ्यावे. प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजावे. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा कोणी नमुना डबा हातात ठेवला तर तो न घेणेच योग्य.

दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: पुढचे वजन कधी, कोणत्या काट्यावर, आणि किती भरले तर वाट न पाहता यायचे. भाचीने त्या दिवशी बालरोगतज्ज्ञांचे उत्तर त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतले होते: "पुढच्या मंगळवारी सकाळी, याच काट्यावर, कपड्यांशिवाय. ३ किलो ४५० च्या आत असेल तर लघवी तपासायची. दूध ओढणं कमी झालं तर मंगळवारची वाट पाहायची नाही." मंगळवारी बाळ ३ किलो ५४० ग्रॅम भरले.